मंडळात बोलायचं नाही

आई,

तुझ्यावरचा माझा राग कधीच निवला, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलेय. खोटं आहे ते. गेल्या शनिवारी भर दुपारी, कार्डिफच्या हॉकीच्या मैदानावर शे-दीडशे माणसांत उभी असताना तो असा उसळून वर आला, की मला कुंपणाची दांडी धरून उभं राहावं लागलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, ऊन लागलं. कार्डिफला, एप्रिलमध्ये, ऊन! तू जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि अजून मी तुझ्यासाठी थापा मारतेय.

तुला ते दुसरं मैदान आठवतं का? लेस्टरमधल्या माझ्या शाळेचं, मागच्या बाजूला कायम चिखल असायचा ते. मी चौदा वर्षांची आहे, शाळेच्या संघात नुकतीच आलेय, आणि तू हॉस्पिटलची ड्यूटी संपवून मला न्यायला आली आहेस. युनिफॉर्मवर करडं कार्डिगन, हातात छत्री. मी तुझ्याकडे बघायचं टाळतेय, कारण बाकीच्या मुलींच्या आया रेषेवर उभ्या राहून ओरडताहेत आणि तू नुसती उभी आहेस. चेंडू बाहेर जातो, तुझ्या बुटांपाशी थांबतो. तू छत्री खाली ठेवतेस, शेजारच्या राखीव मुलीच्या हातातून स्टिक काढून घेतेस, गुडघ्यांत वाकतेस आणि मारतेस. ओल्या गवतावरून तो चेंडू अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या गोलच्या खांबावर जाऊन वाजला. आमच्या खेळाच्या बाईंच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. तू स्टिक परत दिलीस, छत्री उचललीस आणि मला म्हणालीस, "चल, बस चुकेल."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुझा पिच्छा सोडला नाही. तू भेंडी चिरत होतीस आणि माझ्याकडे पाठ होती. चिरता चिरता तू सांगितलंस, एकदाच, आणि एका दमात. तू मेळघाटातली. कोरकू. वसतिगृहाच्या शाळेत होतीस, परतवाड्याला. तिथे बांबूच्या मुळाकडच्या वाकड्या बुंध्यांच्या स्टिका करून अनवाणी खेळायचात. जिल्ह्याच्या संघात तुझी निवड झाली. नागपूरला सामने होते, आणि ज्या घरी मुलींची उतरायची सोय केली होती, तिथल्या बाईंनी तुम्हा तिघी कोरकू मुलींना वेगळं काढून मागच्या अंगणात जेवायला वाढलं. बाकीच्या मुली आत जेवल्या. परत आल्यावर तू स्टिक हातात धरली नाहीस. नर्सिंगला गेलीस, बाबा भेटले, बाबांच्या घरच्यांनी कोरकू असल्याचं कुठे बोलायचं नाही या अटीवर लग्नाला होकार दिला, आणि ती अट तू पाळलीस. मग तू वळलीस, हातात सुरी तशीच, आणि मला म्हणालीस, "हे मंडळात बोलायचं नाही. शाळेत नाही, कुणाकडेच नाही. रस्त्यावर गोरी पोरं आपल्याला काय ओरडतात ते ऐकतेस ना? तेवढं एक नाव पुरे आहे तुला. दुसरं मी देणार नाही."

मी विचारलं, "पण त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काय आहे ते तुला कळू नये, यासाठीच मी इतक्या लांब आले," असं म्हणून तू गॅस लावलास. पुढच्या वाढदिवसाला तू मला नवी कोरी स्टिक आणलीस, खाकी कागदात गुंडाळून. काही बोलली नाहीस. मी सात वर्षं त्या स्टिकने खेळले आणि तू एकदाही बघायला आली नाहीस. असली कसली भेट ग ती? वस्तू माझ्या हातात द्यायची आणि तिच्यामागचं सगळं स्वतःकडे ठेवून घ्यायचं.

आणि मंडळ. त्या वर्षीच्या गणपतीत बेलग्रेव्ह रोडजवळच्या हॉलमध्ये पंगत बसली होती, तू मसालेभात वाढत होतीस. एक काकू अमरावतीच्या आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांच्याकडे कामाला मेळघाटातली एक मुलगी होती म्हणे. "जंगली जात, किती शिकवा, डोक्यात काही शिरायचं नाही. आणि हाताला सवय वाईट, साखरेचा डबासुद्धा कुलपात ठेवावा लागायचा." सगळ्या हसल्या. मी तुझ्याकडे बघत होते. तू त्यांच्या पानापाशी वाकलीस आणि म्हणालीस, "अजून थोडा घ्या ना." नंतर घरी येताना मी काही विचारलं नाही. पण त्या काकूंपेक्षा मला तुझाच राग जास्त आला होता, आणि तो मी चाळीस वर्षं वागवला.

तू मला मराठी शिकवलंस. लेस्टरमधल्या सगळ्या मराठी मुलांत माझं मराठी स्वच्छ म्हणून माझं कौतुक व्हायचं. दर रविवारी शुद्धलेखन, एक वेलांटी चुकली तरी दहा वेळा लिहायचं. बाबांना त्याचं काही नव्हतं, ते जन्मजात मराठी होते, त्यांना कुणाला काही दाखवायचं नव्हतं. तुला होतं. आता हे पत्र लिहिताना माझ्या लक्षात येतंय, की ज्या भाषेत मी तुझ्याशी भांडतेय ती तुझ्या आईला येत नव्हती. तुझ्या आईशी मी एक वाक्य बोलू शकले नसते. ती कधी गेली तेसुद्धा मला ठाऊक नाही.

आता शनिवारचं सांगते. त्याआधी तुझ्या नातीचं. तू गेलीस तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. आता चोवीस वर्षांची आहे आणि हॉकी खेळते. खेळते म्हणजे तोच तिचा व्यवसाय आहे, क्लब तिला पगार देतो. आमच्याकडे बायकांच्या हॉकीत हे आत्ता कुठे सुरू झालंय. मधल्या फळीत खेळते, वाकल्यावर तिचे गुडघे तुझ्यासारखे दिसतात. तिच्या क्लबने भारतातला एक मुलींचा संघ सामन्यासाठी बोलावला. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली झारखंड-ओडिशाच्या आदिवासी आहेत हे कळल्यावर क्लबने ठरवलं, की तो दिवस आदिवासी वारसा साजरा करण्याचा करायचा. हेतू चांगला होता, माझी तक्रार नाही. पहिल्या पोस्टरवर त्यांनी मोठमोठी रंगीत पिसं छापली होती, कुठल्या देशातल्या कुठल्या लोकांची कोण जाणे. लेकीने ऑफिसात जाऊन ती काढायला लावली. मग सांस्कृतिक कार्यक्रमासाठी क्लबने इथल्या आमच्या मराठी मंडळाला विचारलं, आणि लेक माहिती द्यायला माझ्याबरोबर मीटिंगला आली.

आमच्या अध्यक्षीणबाई हुशार आहेत, हॉस्पिटलात मोठ्या पदावर आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. मुलांचा आदिवासी डान्स. क्रेप पेपरच्या पानांचे घागरे, डोक्याला पिसं, हातात भाले, आणि तोंडाला-हातापायाला गडद रंग. "हुर्रर्र करत यायचं स्टेजवर, ऑडियन्सला एकदम आवडेल," असं म्हणून त्यांनी ते करूनही दाखवलं. लोक हसले. एका तरुण आईने दबकत विचारलं, "कुणाला ऑफेन्सिव्ह नाही ना वाटणार?"

"अगं, इथे कोण आदिवासी आहे वाईट वाटून घ्यायला?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, तरी बघितलं. "मम, हे ओके आहे?"

आणि आई, मी म्हणाले, "बघू या." चहा ओतत होते मी तेव्हा. माझ्याच हाताकडे मला बघवेना.

गाडीत बसल्यावर मी तिला सांगितलं. पंचावन्न वर्षांची बाई, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी सुरूसुद्धा केली नव्हती. तिला आधी कळेचना. मग कळलं. आणि जी सुटली ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही. "माझी आजी हॉकी खेळायचा? आणि तू मला हे आत्ता सांगते? आय प्ले फॉर अ लिव्हिंग, मम! मला सगळे विचारतात, फॅमिलीत कोण खेळायचा, मी म्हणते कोणी नाही. पंधरा वर्षं मी कोणी नाही म्हणते!" तिच्या मराठीत पुरुष कुठला नि बाई कुठली याचा घोळ असतो, एरवी मी दुरुस्त करते. त्या दिवशी नाही केलं. मी म्हटलं, "आजीने सांगू नको म्हटलं होतं." ती म्हणाली, "आजी गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होते. देन इट वॉज जस्ट यू." मला तुझा इतका राग आला, कारण ती माझ्यावर ओरडत होती आणि मला ते तुझ्याकडे पाठवून द्यायचं होतं.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये मुलांची तालीम होती. मी गेले. कागदी पानं कापून झाली होती, आणि एका सहा-सात वर्षांच्या मुलीच्या गालांना तिची आई ब्रशने चॉकलेटी-काळा रंग लावत होती. मुलगी विचारत होती, "हा निघेल ना पण?" आई म्हणाली, "निघेल गं, साबणाने निघतो." मी अध्यक्षीणबाईंना म्हटलं, हे बंद करा.

"का गं? कौतुकच करतोय ना आपण त्यांचं?"

"कौतुक करायला मुलांची तोंडं काळी करावी लागतात?"

"आता एवढं काय मनाला लावून घेतेस? आणि तुला कशाला लागतंय?"

"माझी आई कोरकू होती. आदिवासी. मेळघाटातली."

हॉलमध्ये गाणं लावलेलं होतं ते कुणीतरी बंद केलं. अध्यक्षीणबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, निरखून, जणू आधी नीट बघायचं राहून गेलं होतं. मग म्हणाल्या, "छे, काहीतरीच. तू तर आमच्यातलीच आहेस."

"आमच्यातली म्हणजे कुणातली?"

मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "हल्ली फॅशन आहे हे सांगायची." मी वळून म्हटलं, कोण बोललं ते पुढे या. कुणी आलं नाही. माझा आवाज चढला होता, मुलं घाबरली होती. मी जे बोलले ते सगळंच शहाणपणाचं नव्हतं. साखरेच्या डब्याचंही बोलले. तो डबा कुणाचा, कुठला, तिथे कुणाला काय माहीत? तरी बोलले. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका काकूंचं भांडण मी या बाईंशी भांडले. डान्स रद्द झाला. तीन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. मुलीच्या गालांना रंग लावणाऱ्या त्या आईने मात्र दुसऱ्या दिवशी फोन केला आणि विचारलं, कोरकू म्हणजे नक्की कोण, मुलगी विचारतेय. मी तिला चार वाक्यं सांगितली आणि पाचवं मला सुचेना. तू दिलेलं संपलं होतं.

शनिवारी मैदानावर मी सामन्याच्या थोडं आधी पोचले, माणसं जमली होती. पाहुण्या मुली सराव करत होत्या. दोघी जणी अगदी माझ्या समोर, कुंपणाच्या आत, एकमेकींना चेंडू देत होत्या आणि किती वेळा गेला ते मोजत होत्या. मोजताना हसत होत्या. मियद, बारिया, अपिया, उपुनिया. आई, हे मी ऐकलेलं होतं. तू पोळ्या लाटताना पुटपुटायचीस. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई. मला ते लहान मुलांचं काहीतरी गाणं वाटायचं. एकदा मी विचारलं होतं तर म्हणालीस, "काही नाही, उगाच," आणि मग मराठीत मोजायला लागलीस. एक, दोन, तीन. मेळघाटापासून शेकडो मैल लांबच्या मुली, आणि त्यांचे आकडे तुझ्या पोळ्यांच्या आकड्यांसारखे! तुझी भाषा म्हणजे डोंगरातलं काहीतरी एकटं, लाजिरवाणं, असं तू मला वाटू दिलंस. तिला बहिणी होत्या आणि तू मला सांगितलं नाहीस. तेव्हाच मी ती दांडी धरली.

सामना आम्ही हरलो. आम्ही म्हणजे लेकीचा क्लब. तीन-एक. त्या मुली वाऱ्यासारख्या नाही धावत, पेपरवाले लिहितात तशा. त्या डोकं चालवून धावतात, कुणाला कुठे ओढायचं हे त्यांना आधी ठाऊक असतं. लेक दोनदा फसली. संपल्यावर क्लबच्या बाईंनी माईकवरून पाहुण्यांना विनंती केली, की तुमचं एखादं पारंपरिक नृत्य दाखवा. त्या मोजणाऱ्या दोघींतली एक, उंच, बचावपटू, पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळच उभी होती. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हर जगह नचवाते हैं. खेल देख लिया, फिर भी नचवाते हैं."

मी तिला हिंदीत म्हटलं, "मत नाचो."

तिने माझ्याकडे बघितलं. "आप कौन?"

"कोरकू," मी म्हणाले. नाव नाही, कुणाची आई तेही नाही. पहिल्यांदा तोंडातून हेच निघालं. मग तिला पाचपर्यंत आकडे म्हणून दाखवले, पोळ्यांचे. तिने दुसरीला हाक मारली, दोघी ऐकत राहिल्या, आणि दोघींनी मिळून त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशेजारी म्हटले. "दीदी, ये तो हमारा ही है," ती म्हणाली. माईकवाल्या बाईंना तिने स्वच्छ सांगितलं, की आज नाच नाही, पाय दुखताहेत. त्यानंतर अर्ध्या तासाने, खाणंपिणं उरकून माणसं पांगायला लागल्यावर, त्या मुली आपण होऊन मैदानाच्या कोपऱ्यात जमल्या. हातांत हात, ट्रॅकसूटवर, कुणी फोनवर गाणं लावलं नव्हतं, त्याच गात होत्या. उंच मुलीने माझ्या लेकीला हात धरून ओळीत घेतलं. मग लेकीच्या क्लबमधल्या दोघी-तिघी शिरल्या. पाऊल चुकत होतं सगळ्यांचं आणि कुणी थांबत नव्हतं. कुणी फोटो काढायला सांगितले नव्हते. माझ्या लेकीचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय, असा कधी बघितला नव्हता. आणि तो तुला बघायला मिळाला नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला रागच येत होता. तुला मिळू शकलं असतं. तू जिवंत असताना हे सगळं जगात होतंच की.

लेकीने नंतर मला विचारलं, आजी आज असती तर आली असती का? मी म्हटलं, माहीत नाही. आली असती तर छत्री घेऊन लांब उभी राहिली असती, असं मला वाटलं, पण ते मी बोलले नाही.

मी हे पत्र कुठे पाठवणार आहे? टेबलाच्या खणात जाईल. तेव्हा जे राहिलंय तेही लिहून टाकते. बाबा गेल्यावर तू नऊ वर्षं एकटी होतीस. अट घालणारी माणसं सगळी गेली होती. मी महिन्यातून दोनदा येत होते, तुझ्या त्याच स्वयंपाकघरात बसत होते, आणि मी एकदाही विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला मी लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं, तो म्हणाला, माझ्या आईला नको सांगूस, मी म्हटलं, बरं. तू सांगितलं नाहीस, हे खरं आहे. पण मलाही ते सोयीचं होतं.

निघताना त्या उंच मुलीने मला विचारलं, "दीदी, गाँव कौन सा आपका?" मी म्हटलं, मेळघाट. ती म्हणाली, "वो तो इलाका हुआ. गाँव?" तिची बस सुरू झाली होती, लेक शेजारी उभी राहून ऐकत होती. मला तुझ्या गावाचं नाव माहीत नाही, आई. मी 'धारणी' असं सांगितलं. आदल्या आठवड्यात नकाशात बघितलं होतं, तेवढंच एक लक्षात होतं. तिने मान डोलावली. लेकीने लगेच फोनमध्ये लिहून घेतलं, आणि मी ते अजून दुरुस्त केलेलं नाही.